देवचाराच्या घाटीतली सायकल

मी सायकल घेतली तेव्हा गावाला दोन गोष्टींचा राग आला. एक म्हणजे मी ती घेतली, आणि दुसरी म्हणजे कुणाला न विचारता घेतली. पहिल्या रागाचं मला काही वाटलं नाही. दुसऱ्याची मात्र गंमत वाटली, कारण बैल असो की बंब, आमच्या गावात कुणी कुणाला विचारून काही घेतल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. विचारायचं ते बायकांनी.

रत्नागिरीतून आमचा जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्यात शिक्षकांच्या नेमणुका निघाल्या आणि मला टेंबवाडीची शाळा मिळाली. एक खोली, एक शिक्षक आणि चार इयत्ता. आमचं गाव खाली, वालावलच्या खाडीच्या वरच्या अंगाला. टेंबवाडी शिवेपलीकडे, डोंगराच्या माथ्यावरून पलीकडे थोडी उतरून. मधे शिवेची घाटी. तिकडे एसटी जात नव्हती, आणि माझ्या आधीचे मास्तर तर घरी गेले की पंधरा-पंधरा दिवस परत येत नसत. टेंबवाडीच्या पोरांना त्यामुळे शाळा म्हणजे सुट्टीच वाटायची.

अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "नोकरी कर. पण दिवेलागणीक घरात व्हयी." त्यांच्यापुढे दुसरा शब्द चालत नसे. रोज चालत जाऊन चालत यायचं तर शाळा उघडेपर्यंत दुपार झाली असती. म्हणून सायकल. हा साधा हिशोब मी केला, तर मी शेफारले असं ठरलं.

कुडाळात गणपतचं सायकलचं दुकान होतं. त्याने मला नवीकोरी गियरवाली सायकल दाखवली. मागच्या चाकाला लहानमोठ्या दातेरी चकत्यांची उतरंड आणि त्यांच्यावरून साखळी इकडून तिकडे सरकवणारी एक लोंबती दांडी.

"बाय, ही घे. मुंबयसून इली. साखळी आपणच उडी मारता."

"तांबड्या चिखलात पण मारतली?" मी विचारलं.

गणपत नुसता हसला. आमच्या वाटेवर जांभ्याची माती. पावसात तिचा चिकट राडा होतो आणि उन्हाळ्यात पीठ. ते पीठ उघड्या दात्यांमध्ये बसलं की साखळी रवाळ होऊन आठवड्यात दाते खाऊन टाकते. शिवाय माझी साडी. त्या लोंबत्या दांडीने माझा काठ एकदा गिळला असता, की मग मला घाटीतून गडगडत खाली यायला गियर लागला नसता.

माझी नजर छताला टांगलेल्या एका जुन्या विलायती चाकावर होती. त्याचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, जाडजूड, भरल्या वांग्याएवढा. मालवणात शिक्षिकेचा कोर्स करताना आमच्या वसतिगृहाच्या बाईंकडे तसल्या हबची सायकल होती, आणि ती साफ करायचं काम हट्टाने मी मागून घेतलं होतं. त्याचे तिन्ही गियर पोटात असतात. बाहेरून दिसते ती फक्त आसातून निघणारी बारीक साखळी, जिला हँडलवरच्या खटक्याची तार जोडलेली. पहिला चढाला, दुसरा सपाटीला, तिसरा उताराला. माती आत जात नाही, पाऊस आत जात नाही. हबच्या पाठीवर एक इवलीशी टोपी असते, तिच्यातून आठवड्याला चार थेंब पातळ तेल घातलं की झालं.

"त्या म्हाताऱ्याचा नाव काढू नको," गणपत म्हणाला. "आत काय बिघडला तर मी खोलूचंय नाय."

"मगे मी खोलतलंय," मी म्हटलं. "माका तोच व्हयो."

त्याने कुरकुरत तो हब एका लेडीज सायकलीच्या चाकात विणून दिला. चाकाचे आरे कसताना मी शेजारी उभी होते आणि चाक डुगडुगतंय म्हणून त्याला दोनदा पुन्हा करायला लावलं. त्याने मला मनात काय म्हटलं असेल ते म्हटलं असेल. चाक सरळ झालं.

आता घाटीबद्दल सांगायला हवं. घाटीच्या ऐन वळणावर सातविणाचं झाड आहे आणि त्याच्या मुळाशी देवचाराचा दगड. देवचार म्हणजे आमच्या शिवेचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात वहाणा, रात्री गावाभोवती फेरी मारतो. त्याला नारळ, विडी आणि कोंबडा लागतो. वाटसरूने दगडापाशी झाडाची एक टाळ, म्हणजे पाल्याची डहाळी, ठेवून पुढे जायचं. मी लहानपणापासून ठेवत आले आणि अजून ठेवते. माझं त्याच्याशी कधीच वाकडं नव्हतं.

पण आणखी एक रीत होती, ती मला सायकल घेईपर्यंत माहीतच नव्हती. देवचारासमोरून कुणी वाहनावर बसून जायचं नाही, उतरून चालायचं. ही रीत कुठून आली ते सांगायला शास्त्री नको. तिथला चढ असा, की साध्या सायकलीवर बसून कुणाला तो चढताच येत नसे. सगळेच उतरून ढकलायचे. वर्षानुवर्षं ढकलून ढकलून त्याचा मान झाला. मी पहिल्याच दिवशी खटका ओढून पहिल्या गियरवर, साडीचा पदर खोचून, हळूहळू पण बसून वर गेले. टाळ हातात होती, ती जाता जाता दगडापाशी टाकली. पाय टेकला नाही. त्या दिवशी घाटीत गुरुदास होता.

गुरुदास म्हणजे गावातला दुकानदार आणि देवळाच्या कमिटीचा मुख्य. त्याला अंगात येत नसे, पण दुसऱ्याच्या अंगात काय आलंय ते बरोबर कळायचं. त्याने त्याच संध्याकाळी पडवीत येऊन अप्पांना सगळं सांगितलं. अप्पा म्हणाले, "बघतंय." अप्पांचं 'बघतंय' म्हणजे माझ्याशी आठवडाभर अबोला. सायकलीकडे तर ते मांजर आडवं गेल्यासारखं बघायचे.

पावसाच्या शेवटापासून मार्गशीर्षापर्यंत माझी सायकल बिनतक्रार चालली. टेंबवाडीची पोरं घाटीच्या माथ्यावर येऊन माझी वाट बघायची, कारण मी दिसले म्हणजे शाळा खरोखरच भरणार याची त्यांना खात्री व्हायची.

पौषात थंडी पडली आणि चमत्कार सुरू झाला. सकाळी घाटीच्या वळणावर, नेमक्या सातविणाखाली, मी पहिला गियर टाकला आणि पायडल रिकामं फिरलं. विहिरीवरचा रहाट दोर तुटल्यावर फिरतो तसं. सायकल मागे सरकली, मी कशीबशी उतरले. दुसऱ्या गियरवर तो चढ चढणं शक्य नव्हतं. मग पुढची सगळी घाटी ढकलत नेली. उशिरा शाळेत पोचले तर खुर्चीवर शाळा तपासणारे विस्तार अधिकारी बसलेले.

संध्याकाळी परत येताना टेंबवाडीच्या बाजूचा चढ तोच पहिला गियर गुमान चढला. मला वाटलं, तार सैल असेल. घट्ट केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच जागी पायडल रिकामं, आणि संध्याकाळी पुन्हा ठणठणीत. तार काढून घातली, आसाची साखळी अर्धा वेढा सोडून पाहिली. रोज सकाळी तेच.

ढकलत जाताना गुरुदासने बघितलं, आणि त्याचा अर्थ लावायला त्याला वेळ लागला नाही.

"बघलास मा?" तो दुकानात बसलेल्या माणसांना सांगायचा. "येवक देता, जावक देना नाय. तेका चेडू घरात व्हया."

चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी. खरं सांगते, हे ऐकून मीही एकदा घाबरले. घरी येताना चालणारी आणि बाहेर जाताना अडणारी सायकल. कुठल्या यंत्राला जाणं आणि येणं कळतं? पण मग मला भीतीपेक्षा संताप जास्त आला. ज्या देवचाराला मी इतकी वर्षं टाळ घातली, तो माझ्याच वाटेत आडवा पडेल आणि पंधरा-पंधरा दिवस शाळा बुडवणाऱ्या मास्तरांना हात लावणार नाही, हे मला पटेना.

विस्तार अधिकारी दुसऱ्यांदा आले तेव्हाही मी उशिराच पोचले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, दोनदा झालं. तिसऱ्यांदा उशीर झाला तर मला वर कळवावं लागेल. टेंबवाडीला राहायला या, नाहीतर राजीनामा द्या. उगाच ओढाताण कशाला?"

राहायला अप्पा जाऊ देणार नव्हते. राजीनामा मी देणार नव्हते. राहिली ती सायकल, आणि ती अडून बसलेली.

त्याच शनिवारी संध्याकाळी गुरुदास चार मानकऱ्यांना घेऊन आमच्या पडवीत आला. आमच्या घराकडे गाऱ्हाण्याचा मान आहे. गावातर्फे देवापुढे बोलायचं ते अप्पांनी. ते एकेक वाक्य बोलणार आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला होकार देणार. एकदा असं बोललं गेलं की ते गावाने मान्य केलं. मग त्यात फिरवाफिरव नाही. अप्पांचा आवाज असा, की घाटीत गाऱ्हाणं घातलं तर खाडीत होडीवाल्याला ऐकू जातं.

"अप्पानू," गुरुदास म्हणाला, "तुमच्याच घरातसून शिवेचो मान मोडता, ह्या बरा नाय. सोमवारी सकाळी नारळ ठेवया. आणि गाऱ्हाण्यात सांगून टाका, ह्यापुढे ह्या चेडू सायकल घेवन शीव ओलांडूचा नाय."

मी दारातच उभी होते. म्हटलं, "देवचाराक सायकल नको तर तो माकाच सांगात. मधी तुमचो निरोप कित्याक?"

"सांगता तर हा रोज सकाळी," गुरुदास म्हणाला. बाकीचे हसले.

मी अप्पांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. "सोमवारी येतंय," एवढंच म्हणाले. त्या एका वाक्यात माझी नोकरी संपली होती. मी आत गेले आणि चुलीपुढे बसून मनसोक्त रडले. आईने माझ्या पानात माशाची मोठी तुकडी वाढली.

रविवारी सकाळी गारठा नेहमीपेक्षा जास्त होता. आई म्हणाली, "केसांक तेल लाव गो, कशा झिपऱ्या झाल्यात." बाटली हातात दिली. खोबरेल गोठून पांढरं फट्ट. आमच्याकडे थंडीत हे रोजचंच, बाटली उन्हात ठेवायची आणि वितळायची वाट बघायची. मी ती घेऊन अंगणात आले. उन्हाची एकच पट्टी पडली होती, आणि तिथेच सायकल उभी होती. बाटली चाकापाशी ठेवली आणि करायला काही नाही म्हणून मागचं चाक हाताने फिरवत बसले.

चाक मुकं फिरत होतं. हे मला आधी जाणवायला हवं होतं. या हबच्या पोटात बारीक पोलादी कुत्री असतात. कारागीर त्यांना कुत्रीच म्हणतात, कारण ती दाते पकडतात. चाक सुटं फिरताना ती दात्यांवरून घसरत टिकटिक करतात. टिकटिक नाही याचा अर्थ कुत्री तोंड मिटून बसली आहेत.

ऊन वाढलं. बाटलीतलं तेल कडेने पारदर्शक व्हायला लागलं. मी चाक फिरवत राहिले. बाटली अर्धीअधिक वितळली असेल, तेव्हा चाकातून आवाज आला. टिक. मग थोड्या वेळाने टिक, टिक.

मी बाटलीकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि उठून सायकल ओढत विहिरीपलीकडच्या सावलीत नेली. हबवर विहिरीचं गार पाणी ओतत राहिले, टिकटिक बंद होईपर्यंत. मग तेलाची टोपी उघडून आत काडी घातली. काडीच्या टोकाला पांढरा लोण्यासारखा थर आला. वास घ्यायची गरजच नव्हती. आमच्या घरात माणसं, दारं, समया, पाळणे, सगळ्यांना तोच वास. एका सायकलीला तो वेगळा कसा ओळखू येणार?

मी तर गणपतकडचं पातळ तेल घालत होते, तेही मोजकंच. घरात आई सायकलीला हात लावत नसे. आणि अप्पा पडवीत बसून सुपारी कातरत होते.

"अप्पा, चाकात खोबरेल कोणी घातला?"

अडकित्ता थांबला.

"मी," ते म्हणाले. "रोज पाटे. तू उठूच्या आधी."

"कित्याक?"

"चाक अडाकला तर उतारार पडशीत म्हणान." ते अजून माझ्याकडे बघत नव्हते. "बाजारातला तेल पाण्यासारख्या पातळ. तेचो काय भरवसो? आपला घाण्यावरचा, चुलीर ऊन करून, फडक्यातसून गाळून घातलंय."

मला इतका राग आला की मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. माझ्याशी धड बोलत नव्हते, सायकलीकडे तिरप्या डोळ्याने बघायचे, आणि रोज पहाटे गारठ्यात उठून तिच्या पोटात घरचं उत्तम तेल ओतत होते. आणि तेच तेल मला घाटीत रोज तोंडघशी पाडत होतं.

मी त्यांना काडी दाखवली. मग वितळलेली बाटली दाखवली. सकाळी गोठतं, दुपारी वितळतं. पडवीच्या भिंतीला सायकल डावीकडे कलून उभी असते, म्हणून सगळं तेल डाव्या अंगाला जमतं, आणि चढाच्या गियरची कुत्री नेमकी त्याच अंगाला असतात. म्हणून सपाटीला काही होत नाही आणि चढाला पायडल सुटतं. अप्पांनी शेतकऱ्याच्या डोक्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मगे देवचार?" त्यांनी विचारलं.

"देवचार नाय, अप्पा. तुमी."

मला त्यांची अडचण दिसत होती. गावाला खरं सांगावं तर गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्याचं हसं. न सांगावं तर लेकीची नोकरी. मी त्यांना सोडवायला गेले नाही. म्हटलं, "उद्या काय बोलूचा ता तुमी बघा. मी सायकलीवरसून उतरूचंय नाय."

दिवसभर मी त्या हबशी झुंजले. रॉकेल घालून चाक फिरवायचं, पालथं घालून निथळवायचं, पुन्हा रॉकेल. आधी दुधासारखं गढूळ आलं, मग स्वच्छ. ब्लाऊज शिवणाऱ्या आनंदीबाईंकडून शिवणयंत्राचं तेल मागून आणलं आणि चारच थेंब घातले. सायकल भिंतीला टेकवण्याऐवजी आढ्याला दोरीने टांगून ठेवली. अप्पा येता-जाता बघत होते.

सोमवारी पहाटे मी चाकाला हात लावला तर लोखंड बर्फासारखं गार. फिरवून पाहायचा धीर होईना. अप्पा डोक्याला मुंडासं बांधून, नारळ घेऊन माझ्या आधीच निघून गेले होते.

घाटीच्या पायथ्यापासून मला वर माणसं दिसत होती. सातविणाखाली अर्धा गाव जमला होता. गुरुदास पुढे, त्याच्याशेजारी नारळ हातात धरून अप्पा. त्यांच्यासमोर पायडल रिकामं फिरलं असतं, तर गाऱ्हाण्याचीही गरज उरली नसती. मी वाटेतली एक टाळ तोडून दातात धरली, पदर खोचला आणि वळणाच्या आधी खटका ओढला.

पायाखाली वजन आलं. कुत्र्यांनी दाते पकडले होते.

मी घाई केली नाही. पहिल्या गियरवर घाई करताच येत नाही. माणसं दोन्ही बाजूंना सरकली. कुणीतरी म्हणालं, "उतार गो." मी दगडाकडे मान वळवली, टाळ टाकली, आणि पायडल मारत राहिले. अप्पा माझ्याकडे बघत होते. सायकल घेतल्यापासून पहिल्यांदाच सरळ बघत होते.

रस्ता वळण घेऊन त्यांच्या डोक्यावरून पुढे जातो. मी वरच्या अंगाला पोचले तेव्हा खालून अप्पांचा आवाज सुरू झाला, खाडीपर्यंत जाणारा.

"बा देवचारा म्हाराजा, शिवेच्या राखणदारा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"आज ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवतंव, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा."

"माझा चेडू ह्या वाटेन शाळा शिकवूक जाता. ता उद्या जातला, परवा जातला, रोज जातला."

"व्हय म्हाराजा." पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. वाक्य संपलं की तोंडातून होकार निघतोच.

"सायकलीवर बसान जातला. खाली उतरूचा नाय."

इथे एक खळ पडली. अप्पा थांबून राहिले. गाऱ्हाण्यात वाक्य अधांतरी ठेवणं म्हणजे देवाला ताटकळत ठेवणं, आणि ते पाप आमच्या गावात कुणी आपल्या माथी घेत नाही. एक म्हातारा आवाज आला, मग दोन, मग सगळे.

"व्हय म्हाराजा."

"आणि तेच्या वाटेत जो कोण आडवो येयत, मगे तो शिवेभायलो असो नायतर आमच्यातलोच असो, नायतर खुद्द तेचो बापूस असो, तेका तू बघून घे."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला, आणि त्यात गुरुदासचा आवाज मला स्पष्ट ओळखू आला.

माथ्यावर टेंबवाडीची पोरं उभी होती. मी दुसरा गियर टाकला, आणि आम्ही शाळा उघडली तेव्हा विस्तार अधिकारी अजून यायचे होते.